जानेवारीची घाई: अकरावी सोडून परदेशी क्लबकडे निघालेल्या एका बास्केटबॉलपटूचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावातलं. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा, क्लब आणि एजंट यांची नावं दिलेली नाहीत, घरच्यांचे काही तपशीलही बदलले आहेत. मुलाला घरी बाबू म्हणतात. कोकणात दर दुसऱ्या घरात एक बाबू असतोच, त्यामुळे इथेही तेच नाव ठेवलं आहे.

मी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये करिअर मार्गदर्शनाचं काम करते. बाबूच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांचा दिवाळीच्या सुट्टीनंतर फोन आला, तेव्हा निर्णय जवळपास झालेला होता. १० जानेवारीला बाबू अकरावी अर्धवट टाकून पूर्व युरोपातल्या एका क्लबकडे जाणार होता.

पार्श्वभूमी

बाबूचे वडील मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. बोट दुसऱ्याची, जबाबदारी यांची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढेच दोन महिने ते सलग घरी असतात. आई सुकी मासळी विकते आणि गावातल्या बचत गटाचा हिशेब ठेवते. थोरली बहीण नर्सिंगला. डोक्यावर कर्ज फार नव्हतं, पण गाठीला शिल्लकही नव्हती.

चौदाव्या वर्षापर्यंत बाबू कबड्डी आणि व्हॉलीबॉल खेळायचा, आमच्याकडची सगळीच मुलं खेळतात तसा. एका मे महिन्यात तो माझगावला मामाकडे राहायला गेला. तिथून नागपाडा पायी जाण्यासारखं. नागपाडा म्हणजे मुंबईच्या बास्केटबॉलचं माहेरघर. भारताचे माजी कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर याच वस्तीत घडले. कोर्टाच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या या उंच पोराला तिथल्या मुलांनी आत ओढलं. जूनमध्ये तो गावी परतला तो डोक्यात बास्केटबॉल घेऊनच.

गावात रिंग नव्हती. सरांनी फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी सळई वाकवून रिंग करून घेतली, मागे प्लायवूडची फळी लावली आणि सगळं विजेच्या एका जुन्या खांबाला वेल्ड केलं. मैदान जांभ्याचं. नवा चेंडू आठवड्याभरात लाल होतो, मग त्याची खरखर जाते आणि तो हातातून निसटायला लागतो. पावसाळ्यात मैदानात पाय घालायची सोय नसते. तेव्हा बाबू शाळा सुटल्यावर व्हरांड्यात ड्रिबलिंग करायचा, शिपाईमामा कुलूप लावायला येईपर्यंत. एवढ्या भांडवलावर शाळेचा संघ दोन वर्षांत विभागीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. तोवर बाबू ६ फूट ५ इंच झाला होता. वय १६ वर्षं ८ महिने.

प्रस्ताव

एका वर्गमित्राने बाबूच्या डंकचे, म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालण्याचे, व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस एका माणसाचा मेसेज आला. आपण खेळाडूंना युरोपात संधी मिळवून देतो, असं त्याचं म्हणणं. त्याने व्हिडिओ कॉलवर एक परदेशी प्रशिक्षक दाखवला, मग मामाच्या घरी पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि नऊ पानी इंग्रजी करार ठेवून गेला. जानेवारीत खेळाडूंच्या नोंदणीची मुदत संपते, ती चुकली तर वर्ष वाया जाईल, असं त्याने तीन-तीनदा बजावलं.

घरच्यांना त्यातून समजलं ते एवढंच: प्रक्रिया शुल्क साडेतीन लाख रुपये, नंतर राहणं-खाणं क्लबचं आणि दरमहा ३५० युरो. साडेतीन लाखांसाठी आईचे दागिने पतपेढीत ठेवायचं ठरलं होतं.

वडील तयार होते, आणि त्यांचं कारण मला आजही खरं वाटतं. त्यांना मुलगा बोटीवर नको होता. मामाला भाच्याचा अभिमान होता. क्रीडाशिक्षक दोन्ही बाजूंनी ओढले जात होते. त्यांनी शून्यातून घडवलेला हा पहिला खेळाडू, त्याला अडवणारे आपण कोण, असं ते म्हणत. आईनेच त्यांना गळ घातली होती, "सर, कोणीतरी बसून नीट वाचून दाखवा. मला कळत नाय असं नाय, पण मला कोणी सांगतच नाय."

घरात वाद चालला होता तो मात्र शिक्षण की खेळ यावर. कोकण विभागीय मंडळ सुरू झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग राज्यात पहिला येत आला आहे. अशा ठिकाणी अकरावी सोडणार म्हटल्यावर काका, आत्या, शेजारी सगळे शिक्षणाच्या बाजूने तुटून पडले. त्यामुळे बाबू आणखी हट्टाला पेटला. या वादात कोणीही एजंटाला विचारलं नव्हतं की जानेवारीच का.

पहिला टप्पा: करार वाचणं

बाबूच्या घरच्या ओटीवर आम्ही करार ओळीओळीने मराठीत वाचला. वडील त्या दिवशी बंदरात होते, पण अवघड भाग त्यांच्यासाठी मागे ठेवला आणि ते आल्यावर पुन्हा वाचला.

करार चार वर्षांचा होता. ३५० युरो मिळणार होते ते "अधिकृत नोंदणी झाल्यानंतर". तोपर्यंतचं राहणं, जेवण, प्रशिक्षण यासाठी दरमहा ६०० युरो खेळाडूच्या नावावर खर्च टाकला जाणार होता आणि पुढे मानधनातून वळता होणार होता. मध्येच सोडून यायचं झालं तर सगळी रक्कम एकरकमी परत करायची. दुखापत झाली तर क्लब महिन्याभराच्या सूचनेवर करार संपवू शकत होता. एजंटाची दलाली २० टक्के, तीही सहा वर्षं, म्हणजे करारापेक्षा दोन वर्षं जास्त.

वडिलांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही उचल झाली की."

मिरकरवाड्यात हा शब्द कोणालाच समजवावा लागत नाही. हंगामाआधी बोटमालक खलाशाला रक्कम उचल देतो, ती फिटेपर्यंत खलाशी त्या बोटीला बांधला जातो. हंगाम वाईट गेला तर उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच बोटीवर चढावं लागतं. तांडेल म्हणून त्यांनी स्वतः माणसांना उचल दिलेली होती, तरुणपणी घेतलेलीही होती. नऊ पानी इंग्रजी करारातलं जे कलम मला दहा वाक्यांत सांगावं लागलं असतं ते त्यांना एका शब्दात सापडलं. माझ्या मते या प्रकरणाचं वळण इथेच आहे. तोवर ते मुलगा बोटीतून सुटेल या आशेवर होते.

मग आम्ही नियम तपासले. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद असतो, पण तो फिबाकडे मागावा लागतो आणि त्यासाठी मुलाच्या शिक्षणाची व राहण्याची सोय दाखवावी लागते. शिवाय आपल्या राष्ट्रीय महासंघाकडून ना-हरकत पत्र लागतं. बाबूला अठरा वर्षं पूर्ण व्हायला अजून सोळा महिने होते. म्हणजे जानेवारीत तो गेला असता तरी अपवाद मंजूर झाल्याशिवाय त्या क्लबकडून एकही अधिकृत सामना खेळू शकला नसता. ३५० युरो सुरू झाले नसते आणि ६०० युरोंचा मीटर मात्र पहिल्या दिवसापासून फिरला असता. जानेवारीपासून धरलं तरी आठ हजारांवर युरो, तेही मूल पूर्ण वयात येण्याआधी.

घाई कशाची होती हे इथे उघड झालं. बाबूला जानेवारी गाठायची गरजच नव्हती. एजंटाला मात्र सही हवी होती, दुसऱ्या कोणी हा मुलगा बघण्याआधी आणि त्याच्याशी नीट बोलण्याआधी.

आणखी दोन गोष्टी ताडून पाहिल्या. फिबाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. त्यात या माणसाचं नाव नव्हतं. परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. हे आमच्याकडे आखातात आणि जहाजावर गेलेल्या घरांना चांगलं ठाऊक असतं. नोकरीच्या एजंटाला जे प्रश्न विचारले जातात ते खेळाच्या एजंटाला विचारावेत हे मात्र कोणाला सुचलं नव्हतं. पेढे आणि व्हिडिओ कॉल यांचा तो परिणाम.

पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हे मी घरच्यांना पुन्हा पुन्हा दाखवलं. धंद्याची रीत अशी की खेळाडू कमावतो आणि त्यातून एजंटाला वाटा मिळतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या खेळाडूंच्या संघटनेने हा वाटा ४ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं बंधन घातलेलं आहे. इथे खेळाडूने चेंडूला हात लावण्याआधीच एजंटाला साडेतीन लाख मिळणार होते. मग मुलगा पुढे खेळला काय नि घरी परतला काय, त्याचं काय अडणार होतं?

दुसरा टप्पा: बाबूची यादी

वडिलांचं मन बदललं, पण बाबूचं नाही. त्याने फोनवर नावांची यादीच करून ठेवली होती. लमेलो बॉल सोळाव्या वर्षी लिथुआनियाला गेला आणि २०२० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, तिसरा निवडला गेला. ब्रँडन जेनिंग्ज २००८ मध्ये कॉलेजला जाण्याऐवजी रोमच्या क्लबकडे गेला आणि पुढच्या वर्षी दहावा निवडला गेला. एमॅन्युएल मुडियाय चीनमध्ये खेळून २०१५ मध्ये सातवा. लुका डॉनचिच तेराव्या वर्षी माद्रिदला. आणि आपला सतनाम सिंग, पंजाबमधल्या बल्लो के गावातून २०१० मध्ये चौदाव्या वर्षी अमेरिकेला.

यादी चुकीची नव्हती. ही सगळी मुलं खरोखर गेली होती. म्हणून मी तिला खोटं पाडायचा प्रयत्न केला नाही. एकेका नावापुढे तीन प्रश्नांची उत्तरं त्यानेच शोधून लिहावीत असं सांगितलं: खर्च कोणी केला, सोबत कोण होतं, आणि जाण्याआधी तो कोणत्या पातळीवर होता.

दोन संध्याकाळी त्याने वहीत लिहिलं. जेनिंग्ज शाळा पूर्ण करून गेला होता, अमेरिकेत त्याच्या वयाच्या सर्वोत्तम मुलांमध्ये गणला जात होता, आई आणि भाऊ त्याच्यासोबत रोमला राहिले, आणि क्लबने त्याला भरभक्कम पैसे दिले. लमेलोसोबत वडील आणि भाऊ होते, आणि लिथुआनियाहून परतल्यावर तो पुन्हा ओहायोतल्या एका शाळेत दाखल झाला. जेनिंग्ज आणि मुडियाय परदेशी गेले त्यामागे एक नियमही होता. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या २००५ च्या करारानंतर एनबीएत थेट शाळेतून जाता येत नाही. अमेरिकन मुलाला १९ वर्षांचा होऊन शाळा संपल्यावर एक वर्ष काढावं लागतं. ते एक वर्ष त्यांनी परदेशात पगार घेऊन काढलं. डॉनचिचला रियल माद्रिदने स्वतः नेलं, घरच्यांकडून पैसे घेऊन नव्हे. सतनाम शिष्यवृत्तीवर गेला. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

यादीत नसलेलं एक नाव मी दिलं. जेरेमी टायलर, सॅन दिएगोचा, ६ फूट ११ इंच. २००९ मध्ये शाळेचं शेवटचं वर्ष सोडून तो इस्रायलमधल्या मकाबी हैफाकडे गेला. वर्षाचा करार १,४०,००० डॉलरचा. हंगाम संपण्याआधीच तो संघ सोडून घरी परतला, नंतर जपानमध्ये खेळला आणि २०११ मध्ये ३९ वा निवडला गेला. तो संपला नाही, एनबीएपर्यंत पोहोचला. पण आपल्यापेक्षा सहा इंच उंच, देशभर गाजलेला, भरपूर पगार मिळणारा मुलगा वर्षभर टिकू शकला नाही, हे बाबूने दोनदा वाचलं. वहीत त्याने त्या नावाखाली लिहिलं, "एकटा होता?" ते प्रश्नचिन्ह त्याचंच.

तिसरा टप्पा: पातळी

बाबू किती चांगला आहे हे तोवर कोणीच पाहिलं नव्हतं. गावाने त्याच्या उंचीला टाळ्या वाजवल्या होत्या. एजंटाने व्हिडिओ पाहिला होता. सरांच्या ओळखीच्या एका निवृत्त प्रशिक्षकांना आम्ही विनंती केली. त्यांनी पूर्वी राज्य संघाबरोबर काम केलं होतं. ते मुंबईहून स्वतःच्या खर्चाने आले.

त्यांनी आल्या आल्या टेप मागितली आणि रिंगची उंची मोजली. रिंग जमिनीपासून १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर लागते. आमची भरली ९ फूट ५ इंच. सरांनी ती बरोबर दहा फुटांवर लावली होती, पण गेल्या वर्षी पाणी साचतं म्हणून मैदानावर चिऱ्याचा चुरा टाकून भर घातली, आणि खांब होता तिथेच राहिला. ज्या डंकच्या व्हिडिओवरून एवढं रामायण झालं त्यातले बरेचसे या रिंगवरचे होते. बाबूचा चेहरा उतरला. प्रशिक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की डंक ही त्याची सर्वांत बिनमहत्त्वाची गोष्ट आहे, आणि दोन तास त्याच्याकडून पायांचं काम करून घेतलं.

त्यांचं मत सरळ होतं. हात मोठे आणि मऊ आहेत, चेंडू छान झेलतो, खेळ वाचतो, शिकायची भूक आहे. पण बचावात पाय सावकाश पडतात, डावा हात नसल्यासारखाच आहे, आणि बरोबरीच्या उंचीच्या मुलाविरुद्ध तो आजवर खेळलेलाच नाही. ६ फूट ५ इंच ही उंची कोकणात डोळ्यांत भरते. युरोपात त्या उंचीची मुलं बाहेरून नेम मारतात आणि चेंडू घेऊन धावतात. बाबू खेळत होता रिंगखाली, जिथे तिकडे पावणेसात फुटांची माणसं उभी असतात. म्हणजे त्याला जागाच बदलावी लागणार होती, आणि त्याला किमान दोन वर्षं रोजचा चांगला सराव हवा होता. "तो पुढे परदेशात खेळू शकणार नाही, असं मी म्हणत नाही," ते वडिलांना म्हणाले. "आत्ता गेला तर बाकावर बसून जेवणाचं बिल वाढवेल."

कोणते पर्याय होते

जानेवारीत जाणं हा पहिला. "बारावी ओपनमधून करता येईल," हे एजंटाचं म्हणणं आम्ही बाजूला टाकलं नाही, कारण ते खरं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, एनआयओएसमध्ये, पंधरा वर्षांवरील दहावी पास मुलाला बारावीला बसता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवता येतो. अनेक खेळाडू याच मार्गाने शिकतात. म्हणून आम्ही एजंटाला एवढंच विचारलं की दर वर्षी परीक्षेसाठी एक महिना रजा आणि जाण्या-येण्याचं तिकीट करारात लिहून द्या. त्याने नकार दिला. तोंडी हो, लेखी नाही.

खेळ सोडून फक्त शिकणं हा नातेवाइकांचा पर्याय होता. तो मी लगेच बाजूला ठेवला. मुलगा उद्ध्वस्त झाला असता, आणि त्यात खरी क्षमता होती हे प्रशिक्षकांनी सांगितलेलं होतं.

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत शिष्यवृत्तीवर जाण्याची कल्पना सरांची. तिथल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये वरच्या विभागात खेळायचं तर नववी ते बारावीतले १६ मुख्य विषय पूर्ण झालेले लागतात. म्हणजे ही वाट पुढे कधी खुली ठेवायची असेल तर शाळा सोडणं हाच तिचा पहिला अडथळा. हे ऐकून बाबू पहिल्यांदा शाळेबद्दल स्वतःहून काही बोलला.

उरला तो मधला मार्ग: अकरावी गावात पूर्ण करायची, जूनमध्ये मामाकडे जाऊन मुंबईच्या ज्युनियर कॉलेजात बारावीला प्रवेश घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ चांगल्या कोर्टवर सराव, आणि परदेशाचा विचार अठरा पूर्ण झाल्यावर. साडेतीन लाखांच्या ऐवजी वर्षाचे साधारण साठ-सत्तर हजार. मामीचं मत विचारायचं राहिलं होतं. आईने ते फोन करून विचारलं, कारण दोन खोल्यांच्या घरात साडेसहा फुटी पोरगा येणार होता आणि त्याचा स्वयंपाक मामीच करणार होती.

काय केलं

एजंटाला एक पत्र लिहिलं, वडिलांच्या सहीने. परवाना क्रमांक, १८ वर्षांखालील बदलीसाठी फिबाच्या परवानगीची प्रत, दुखापतीचा विमा, परतीचं तिकीट, आणि वाद झाल्यास तो जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादापुढे नेण्याचं कलम मागितलं. हा लवाद २००७ पासून अशीच प्रकरणं ऐकतो, पण करारात तसं लिहिलेलं असेल तरच. आलेल्या उत्तरात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. दुसरा मुलगा तयार आहे, दोन दिवसांत सांगा, एवढंच.

क्लबच्या अधिकृत पत्त्यावर आम्ही थेट ईमेल केला. आठवड्याने क्लबचं उत्तर आलं. हा माणूस आम्हाला व्हिडिओ पाठवतो, आमचा त्याच्याशी कोणताही करार नाही, तुमच्या मुलाशीही नाही. अठरा पूर्ण झाल्यावर नवे व्हिडिओ पाठवा, आवडीने पाहू. करारावर ज्या अकॅडमीचं नाव होतं ती मिळत्याजुळत्या नावाची वेगळीच कंपनी निघाली.

हे उत्तर मी घरच्यांना दाखवलं त्याच रात्री बाबू घरातून निघून गेला. सकाळी मामाचा फोन आला. पोरगा तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरून त्याच्या दारात उभा होता. आणि तेव्हाच मामाने सांगितलं की त्याने एजंटाला ५०,००० रुपये टोकन आधीच दिलेत, कोणाला न सांगता, भाच्याला वाढदिवसाची भेट म्हणून.

वडील त्या दिवशी समुद्रावर होते. आई एकटी मुंबईला गेली. तिकडे काय झालं ते मला तिच्याकडूनच कळलं. तिने ना मुलाला रागावलं ना भावाला. दोघांना समोर बसवून ती म्हणाली की दागिने मी मोडते, हवं तर उद्याच मोडते, पण आधी मला सांगा की त्या देशात याचा पाय मोडला तर याला घरी कोण आणेल. मामाकडे उत्तर नव्हतं, बाबूकडेही नव्हतं. चार दिवसांनी तो आईबरोबर परत आला आणि शाळेत गेला.

करार झाला नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुलाने केलेला करार मुळातच ग्राह्य नसतो. पण वडिलांची सही झाली असती तर पैशाचा ससेमिरा त्यांच्यामागे लागला असता. टोकनच्या ५०,००० साठी वकिलामार्फत नोटीस गेली. २०,००० परत आले. बाकीच्यासाठी पोलिसांत तक्रार आहे.

पुढे काय झालं

बाबू अकरावी पास झाला आणि जूनमध्ये मुंबईला गेला. पहिले तीन महिने फार वाईट गेले. नागपाड्याच्या कोर्टवर त्याच्यापेक्षा फूटभर बुटकी मुलं त्याच्या हातून चेंडू काढून न्यायची. ऑगस्टमध्ये घोटा मुरगळला, दीड महिना घरी. त्याच काळात डाव्या हाताचं काम झालं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. बारावीला ५८ टक्के पडले. राज्याच्या अठरा वर्षांखालील संघाच्या निवड शिबिरापर्यंत तो गेला, अंतिम बारांत आला नाही.

आता तो बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे, एका क्लबकडून स्थानिक लीग खेळतो आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीच्या चाचणीची तयारी करतो. परदेशाचा विषय त्याने सोडलेला नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने त्या युरोपीय क्लबला स्वतः नवे व्हिडिओ पाठवले, या वेळी दहा फुटी रिंगवरचे. पाहिल्याचं कळवलं, बोलावणं आलेलं नाही.

त्याच एजंटामार्फत दुसऱ्या जिल्ह्यातली दोन मुलं त्या जानेवारीत गेली होती, हे मला नंतर समजलं. एक पाच महिन्यांत परतला. घरच्यांनी तिकिटासाठी कर्ज काढलं, आणि अकरावीचं ते वर्ष गेलं ते गेलंच. दुसरा टिकला. अठरा झाल्यावर खालच्या श्रेणीतल्या लीगमध्ये त्याची नोंदणी झाली, पगार सुरू झाला, तिथली भाषा तो बोलतो. मी त्याच्याशी फोनवर बोलले तेव्हा तो म्हणाला की पुन्हा निवडायची वेळ आली तरी तो जाईलच. त्याची उंची ६ फूट १० इंच आहे आणि बाराव्या वर्षापासून तो चांगल्या प्रशिक्षकाकडे होता. त्याच्या नावावरचा खर्च अजून फिटायचा आहे.

हे मी बाबूपासून लपवलं नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्या मुलाचा नंबर मागितला. आता दोघं बोलतात.

वेगळं काय करता येईल

पुन्हा असं प्रकरण आलं तर क्रम बदलायला हवा. पातळी तपासणारा माणूस तिसऱ्या टप्प्यावर आला, तो पहिल्या आठवड्यात यायला हवा. करार वाचून वडिलांचं मत फिरलं, पण बाबूला त्यातून एवढंच दिसलं की मोठी माणसं आपल्या विरोधात गेली. प्रशिक्षक त्याच्याशी खेळाडू म्हणून बोलले, तेव्हा तो ऐकू लागला. आधी ते झालं असतं तर करारही त्याने वेगळ्या डोळ्यांनी वाचला असता.

क्लबचं उत्तर आधी बाबूला दाखवून मग घरच्यांना दाखवणं योग्य. ईमेल त्याच्या भविष्याबद्दल होता आणि तो त्याने सगळ्यांच्या देखत ऐकला. तुतारीची ती रात्र टळली असती का, हे सांगता येणार नाही, पण शक्यता कमी झाली असती.

मामाशी सुरुवातीलाच बोलायला हवं. कोकणातल्या घरांमध्ये मुंबईचा मामा, आखातातला काका ही बाहेरच्या जगाची दारं असतात, आणि एजंट त्याच दारातून येतो. गावातल्या ओटीवर कितीही चर्चा झाली तरी पैसे माझगावात दिले गेले होते.

शाळेच्या बाजूनेही एक गोष्ट करण्यासारखी आहे आणि बाबूच्या शाळेने ती सुरू केली आहे. विभागीय पातळीवर पोहोचलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांची वर्षातून एक बैठक होते. खेळाचे सवलतीचे गुण, ७५ टक्के हजेरीची अट, स्पर्धेच्या रजा, क्रीडा प्रबोधिनी, सरकारी नोकऱ्यांमधलं ५ टक्के क्रीडा आरक्षण, एजंटाला विचारायचे प्रश्न, हे सगळं एका पानावर छापून दिलं जातं. पहिल्या बैठकीला अकरा पालक आले. बाबूचे वडील मासेमारी बंदीच्या काळात घरी होते, ते उभे राहून उचलीबद्दल बोलले. रिंग आता बरोबर दहा फुटांवर आहे. भर घातल्यावर मोजायचं काम सरांनी नववीच्या मुलांकडे दिलं आहे.